बियाण्याचा टोमॅटो

जुन्या काळी एका परसात टोमॅटोबाई राहायची, आणि तिच्या बोलण्यावर कुणाचा म्हणून विश्वास नव्हता. फळं वाटीएवढी, गावठी वाणाची. पण रंग धरला की फुटायची.

"बुलबुल चोच मारतो," आधाराची काठी म्हणायची.

"मेले, तो नंतर येतो! फळ आधीच उललेलं असतं."

"तुझं आपलं काहीतरीच!"

आता बियाण्याचं एकच फळ उरलं होतं. पिकण्याआधी ते फुटलं की बी कुजणार आणि वाण संपणार. बाईने खारीवर, मुंग्यांवर, काठीवरसुद्धा नजर ठेवली.

चार दिवस पाणी घालणारी झारी फिरकली नाही. माती भेगाळली. पाचव्या संध्याकाळी ती गोड हसत आली.

"विसरलेच गं! आज पोटभर पी."

"थांब! घोटभर दे, उद्या परत ये. कोरड्या मुळांना एकदम पाणी मिळालं की फळ फुगतं आणि साल फाटते. मागच्या खेपेलाही तू अशीच ओतून गेलीस आणि सकाळी फळ फुटलं."

"एवढं आणलं, वर मलाच बोलतेस?" म्हणत झारीने सगळं पाणी ओतलं.

सकाळी फळ देठापासून उललं होतं. बुलबुल अजून घरट्यातच होता. काठी पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "मग हे केलं कुणी गं, बाई?"

"झारीने."