शुक्राची चांदणी आणि बारा मशाली

एका डोंगरी राज्यात आकाशाचं वेड असलेला एक राजा होता. त्याने टेकडीवर मोठी दुर्बीण बसवली. तिचं भिंग रायाजी काचकराने वर्षभर खपून घासलं होतं. रोज तिन्हीसांजेला राजा टेकडी चढे. राजाने अंधारात उभं राहायचं नाही असा रिवाज होता, म्हणून बारा मशालजी दुर्बिणीभोवती कडं करून उभे राहत. राजा डोळा लावी आणि चिडे. शुक्राची चांदणी सारखी थरथरत असे.

खापर अर्थातच भिंगावर फुटलं. रायाजीने ते तीनदा पुन्हा घासलं. एकट्याने पाहिलं की चांदणी जवळजवळ स्थिर दिसे, राजा आला की नाचू लागे. बिचारा पार बुचकळ्यात पडला. आपला हात बिघडला की डोळा? प्रधान म्हणे, नळी सैल आहे. राजवैद्याला राजाच्याच डोळ्यांचा संशय होता, पण बोलणार कोण? शेवटी राजाने बजावलं, अमावास्येपर्यंत चांदणी थांबली नाही तर भिंग फोडू आणि रायाजीने राज्य सोडायचं.

प्रधानाने हळूच सुचवलं, नळीत चांदणी म्हणून अभ्रकाचा चकचकीत कपटा चिकटव, तो कशाला हलतोय. खरं सांगायचं तर रायाजीला मोह झाला. पण मग आपण इतकी वर्षं काच घासली कशासाठी, हे त्याला कळेना. विचार करत तो भट्टीपाशी बसला. तापलेल्या हवेतून पलीकडची भिंत थरथरताना दिसली आणि तो उठला.

अमावास्येला त्याने दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचं झाकण बसवलं आणि डोळ्याकडचं भिंग जरा सरकवलं. एका चांदणीच्या दोन दिसू लागल्या. राजाने पाहिलं, तर एक इकडे उडत होती, दुसरी तिकडे.

"नळी हलली असती तर दोघी बरोबर हलल्या असत्या, महाराज. आणि भिंगाचा दोष जागचा हलत नाही. हलतेय ती मधली हवा."

मग त्याने एकेक मशाल टेकडीखाली पाठवायला लावली. दर मशालीगणिक दोघींची ओढाताण कमी होत गेली.

राजा गोंधळला. "म्हणजे मी आलो की चांदणी हलते?"

"आपण नाही, महाराज. आपला थाट."

अंधारात राजाने पुन्हा डोळा लावला. अगदी बारीक थरथर अजून होती. ही कोणाची, असं त्याने विचारलं.

"आभाळाची. ती मोजता येते, हुकमाने थांबत नाही."

भिंग वाचलं, रायाजीही राहिला. दुसऱ्या दिवसापासून राजा एकटाच, ठेचकाळत टेकडी चढू लागला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामाला दोष देण्याआधी नीट मोजून पाहावं, आपल्या नजरेच्या आड येणारी गोष्ट कधीकधी आपणच सोबत आणलेली असते.