नवख्या हातात किल्ली

आमच्या तेजलला नुकतंच लायसन मिळालं. तिच्या आजीला दर आठवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून जुनी का होईना, गाडी घेतली. राहिला विमा. तो परवडला नाही तर गाडी परत करायची, असं ठरलं होतं.

विम्याचे पाथरकर साहेब घरी आले. म्हणाले, "साधा विमा आमच्यासारख्या मुरलेल्यांना. नात तुमची नवशिकी, ती ठोकणारच! हिला महागडाच घ्या, नाहीतर मी काढून देणार नाही."

पोरीचा चेहरा उतरला. साहेब निघाले.

मी म्हटलं, "जरा कडेनं जा हो, ओटा आत्ताच सारवलाय."

"आजोबा, आता मला चालायला शिकवता?" असं म्हणाले, आणि घसरून धपकन बसले. पाऊल बघता बघता सुजलं. कण्हतच त्यांनी तेजलपुढे आपल्या गाडीची किल्ली धरली. "बेटा, दवाखान्यात सोड."

तेजलनं हळूच विचारलं, "काका, तुमच्या गाडीचा विमा कोणता?"

"साधाच."

"मग कसं व्हायचं? मी तर ठोकणारच ना?"

साहेबांनी पायाकडे पाहिलं, मग पोरीकडे. "चालेल गं. सावकाश ने म्हणजे झालं."

"मग आमच्या गाडीलाही साधा चालेल ना, काका?"

साहेब लंगडत तिच्या शेजारी बसले, मी मागे. वाटभर प्रत्येक वळणाला त्यांचा बरा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबत होता. पोरीनं मात्र एकही हिसका बसू दिला नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी स्वतःच कागद काढले आणि साधा विमा लिहिला.