दहावी खाच

फार जुन्या काळी, गुढीपाडव्याच्या सकाळी, सूर्य कासराभर वर आला असताना, एका राज्यातल्या तलावाच्या भिंतीतून जुना दगड काढण्यात आला. त्या दगडाला तीन सारखी तोंडे होती. त्यांतून तीन वस्त्यांना एक-एक तृतीयांश पाणी मिळे. प्रधानांनी त्या जागी नवी फळी बसवली. फळीला दहा खाचा. प्रत्येक वस्तीच्या पाटाला तीन.

वैशाखात खालच्या वस्तीतल्या एका बाईचा पानमळा पिवळा पडू लागला. बाई मोठी चौकस. ती तडक तलावावर गेली.

"प्रधानजी, तलाव तेवढाच, पाणी तेवढेच. मग आम्हाला कमी कसे?"

"कमी कुठे? एक तृतीयांशच देतो. दशांशात मांडले की शून्य पूर्णांक तीन दशांश. टक्क्यांत तीस. नवा हिशेब आहे बाई, तुला नाही कळायचा."

"त्या तीनापुढे काहीच नाही?"

"पुढे तीनावर तीन येतच राहतात, संपत नाहीत. फळीवर कुठवर कोरणार? दिले सोडून."

"तीस त्रिक नव्वद," बाई पुटपुटली. "शंभरातले दहा राहिले की!"

"ते हिशेबात सुटतात."

"आकडे सुटत असतील हो. पाणी सुटले की कुठेतरी जाते. हे कुठे जाते?"

प्रधानांना एकदम खोकला आला. बाईने पदर खोचला आणि दहाव्या खाचेच्या पाण्यामागे चालू लागली. निवडुंगाच्या कुंपणाआड तिला चौथा पाट दिसला. दगडांनी बांधलेला, देखणा. त्याच्या टोकाला केळीची हिरवीगार बाग होती.

मागून प्रधान धापा टाकत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "उद्यापासून ही खाच तुझ्या मळ्याला. मळा वाचेल. फक्त वस्तीत बोलू नकोस."

बाईने पाण्यात हात घातला. गार होते. डोळ्यांपुढे तिच्या माना टाकलेल्या वेली आल्या. तिने हात बाहेर काढून पदराला पुसला.

मग म्हणाली, "ही तिन्ही वस्त्यांची आहे. हिचेही तीन भाग करा."

"एका खाचेचे तीन? पुन्हा तेच तीनावर तीन!"

"मग आमचा दगड परत बसवा. त्याला दशांश येत नाहीत, पण वाटणी येते."

बाईने वस्त्यावस्त्यांत जाऊन चौथा पाट सांगितला, आणि दिवस मावळायच्या आत तिन्ही वस्त्यांनी खांदा लावून दगड जागेवर बसवला. बाईच्या मळ्यातल्या दोन ओळी वाळल्या त्या वाळल्याच. बाकीच्या वेलींना आठवड्याभरात कोवळी पाने फुटली.

तात्पर्य: वाटणीत किती सुटले एवढे मोजून थांबू नये, सुटलेले कुठे गेले, ते चालत जाऊन पाहावे.

प्रधानांनी दरबारात सांगितले, "महाराज, चूक आकड्यांची." पण चौथ्या पाटाच्या पहिल्या दगडावर पाथरवटाने तिथी कोरलेली आहे. ती मागच्या दसऱ्याची आहे. फळी बसली पाडव्याला. राजाने विचारले, "चूक होण्याआधीच चुकीच्या पाण्यासाठी पाट कोणी बांधून ठेवला?"