सांजणीचा उतार

"मग नदीच्या त्या उतारावर पाण्यातल्या साती आसरा आहेत, माणूस खाली ओढतात, असं लोकांना कोण सांगतं? तुम्हीच ना, बाबा?"

खैरूशाबाबा तकियाच्या पायरीवर बसून सुंभाची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मीच सांगतो."

करंजघाट हे लहानसं गाव. गावाबाहेर, सांजणी नदीच्या काठाला, फकिराचा तकिया. बाबांनी ऐंशी गाठली होती. मुरकुटे मास्तर गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि दर गुरुवारी सकाळी बाबांपाशी येऊन बसायचे. गावाला वाटे, मास्तर बाबांचे शिष्य झाले. मास्तरांना मनातून वाटे, आपल्यामुळे बाबांनाच चार गोष्टी कळतात.

त्या गुरुवारी ते काखेत कापडी गुंडाळी घेऊन आले होते.

"हे बघा."

त्यांनी चार नकाशे पायरीवर पसरले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. करंजघाट आणि आसपासच्या पाच कोसांचे ते जुने नकाशे जमवायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. एक पडक्या कचेरीच्या माळ्यावर सापडला. एक तर किराणा दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून ओढून काढला होता.

"हा सगळ्यात जुना. शंभर वर्षांपूर्वीचा, हातानं रंगवलेला. डोंगर बघा कसे काढलेत, केसाळ सुरवंटासारखे. हा दुसरा, साठ वर्षांपूर्वीचा छापील. मग तिसरा, चौथा. आमराई, गढी, पाटलाची विहीर, सगळं जिथल्या तिथं. आणि ही..."

मास्तरांचं बोट तांबड्या ठिपक्यांच्या एका रेघेवर थांबलं. रेघ तकियाजवळून निघून निळ्या नदीतून पलीकडे गेली होती.

"पायी नदी ओलांडायचा उतार. तीन नकाशांत आहे. तीन वेगवेगळ्या काळांतल्या, बाबा."

"आणि पहिल्यात?"

"पहिल्यात नाही. तो अपुरा आहे. तेव्हा मोजणीची साधनं कच्ची होती."

बाबांचे हात थांबले.

"उद्या चाळीस पोरांना घेऊन जुन्या वाटेनं पलीकडच्या गढीवर जाणार आहे," मास्तर म्हणाले. "याच उतारावरून. एकदा पोरं पायी पार झाली की गावातलं आसरांचं खूळ जाईल."

"नको नेऊस."

"का?"

बाबांनी पुन्हा दोरी वळायला घेतली.

"का, बाबा? कारण सांगा. आसरा सोडून दुसरं सांगा."

बाबांनी नदीकडे पाहिलं. मार्गशीर्षातली सकाळ होती. उन्हं वर येऊन घटका झाली, तरी धुकं पाण्यावरून हललं नव्हतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता.

"आधी तू जाऊन ये," बाबा म्हणाले.

मास्तर हसले. त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचलं. बाबा उठले आणि वळत असलेल्या लांबलचक दोरीचं टोक त्यांच्या कमरेला बांधू लागले.

"हे कशाला?"

"म्हाताऱ्याचं समाधान."

दोरीचं दुसरं टोक बाबांनी काठावरच्या करंजाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हातात धरलं.

मास्तर पाण्यात उतरले. पाणी थंडगार होतं, पण गुडघ्याखालीच. तळाला वाळू होती, घट्ट. नकाशाच्या प्रमाणावरून त्यांनी हिशेब केला होता... पलीकडचा काठ दोनशे पावलांवर. ते मोठ्यानं पावलं मोजू लागले.

"वीस... एकवीस... बघा बाबा, गुडघाभरही पाणी नाही!"

तीसपर्यंत मागचा काठ दिसत होता. चाळीस झाली तेव्हा करंज दिसेनासा झाला. पन्नासला मास्तरांच्या चारी बाजूंना फक्त पांढरं होतं. पाणी वाहतंय की थांबलंय तेही कळेना. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"चौपन्न... पंचावन्न..."

छप्पन्नावं पाऊल पडलं आणि टेकलंच नाही.

ते ओढून घ्यायला गेले तर दुसरा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. खाली वाळू नव्हती, काळ्या, मऊ चिखलाची रुपण होती. ती पाय गिळत होती. घाई न करता, सावकाश. मास्तरांनी धडपड केली तशी ती मांड्यांपर्यंत आली. पाणी छातीला लागलं.

"बाबा!"

उत्तर नाही.

"बाबा! ओढा!"

दोरी ढिली होती. पाण्यावर तरंगत होती.

मास्तरांना वाटलं, म्हातारा निघून गेला. मग वाटलं, काठच नाहीये, मागे कधी नव्हताच. हनुवटीला पाणी लागलं. त्यांनी नऊ वर्षं ज्या नदीची निळी रेघ बोटानं गिरवली होती, तिची चव तोंडात आली. चिखलाची, गंजल्या लोखंडासारखी. पायाला काहीतरी गुंडाळलं गेलं. मूळ असेल, शेवाळ असेल. त्या क्षणी भूगोलाचे मुरकुटे मास्तर साती आसरांना हाका मारू लागले.

तेवढ्यात कमरेला हिसका बसला.

दोरी ताठ झाली. एकदा, दोनदा. मग ओढ थांबेनाच. मास्तर पोटावर आडवे झाले, हातांनी पाणी कापत राहिले. केव्हातरी कोपराला घट्ट वाळू लागली. तिथून काठापर्यंत ते रांगत आले.

बाबा करंजाला पाठ लावून बसले होते. तळहात सोलून निघाले होते.

"हाक ऐकू आली नाही?" मास्तरांनी विचारलं. दातांवर दात आपटत होते.

"पहिलीच ऐकू आली."

"मग?"

"हात उचलेनात... घाबरलो होतो."

मास्तर कमरेची दोरी सोडू लागले.

"मला वाटलं, गुडघ्यापर्यंत रुतशील अन् परत फिरशील," बाबा म्हणाले. "रुपण एवढी पुढं आली असेल हे मलाही माहीत नव्हतं. मी त्या पाण्यात कधी गेलोच नाही."

"पण नकाशात..." मास्तर अडखळले. "तीन नकाशांत उतार आहे. कुणीतरी मोजलाच असेल. नदीत उतरल्याशिवाय कसं कुणी..."

"मोजायला कुणाला पाठवतात, मास्तर?"

"खलाशाला. साखळी धरणाऱ्याला."

"तुझा तो दुसरा नकाशा झाला, त्या साली मोजणीची छावणी या आमराईत पडली होती. साहेब दुर्बिणीपाशी. साखळी धरायला आम्ही सहा खलाशी. मी एकोणीस वर्षांचा."

मास्तरांनी बोटांवर वर्षं मोजली.

"साहेबानं मला विचारलं, इथून पायी पलीकडं जाता येतं का, बघून ये. मी काठावर आलो. असंच धुकं होतं. पोहता येत नव्हतं. पाय उचलेना. मागं पाच जण बसलेले, हसणारे. भ्यालो म्हणून परत कसा जाऊ?"

"मग?"

"काठावर बसूनच धोतर कंबरेपर्यंत भिजवलं. घटकाभर बसलो. परत गेलो, म्हणालो, साहेब, उतार आहे. कंबरभर पाणी."

मास्तरांची नजर पायरीकडे गेली. दगडांखाली नकाशे तसेच पडले होते.

"साहेबानं ठिपके काढले. त्याचेच ठिपके पुढच्यांनी उतरवून घेतले." बाबांचा आवाज खाली गेला. "दुसऱ्या वर्षी टपालाचा हलकारा इथंच बुडाला. परगावचा होता, कागद बघून निघाला होता. मग एक धनगर अन् त्याची बायको. मी नोकरी सोडली. इथं येऊन बसलो. येईल त्याला सांगत राहिलो, आसरा आहेत, जाऊ नका."

"खरं का नाही सांगितलंत? साठ वर्षं!"

"कुणाला सांगू? अन् काय... की मी भ्यालो?"

नदीवरचं धुकं किंचित विरळ झालं. पाणी शांत होतं. छप्पन्नावं पाऊल कुठे होतं, ते आता दाखवता आलं नसतं.

"आज पहिल्यांदा बोललो," बाबा म्हणाले.

मास्तर उठले. ते पायरीशी गेले आणि नकाशांपुढे बसले. सगळ्यात जुना नकाशा त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढला. ज्याला अपुरा म्हणत होते तो. तिथे नदी होती आणि नदीत काही नव्हतं.

"पोरांना नेत नाही," ते म्हणाले. "पण त्यांना सांगू काय? त्यांनी हे ठिपके वर्गात पाहिलेत. मीच दाखवलेत. ती विचारतील... आता मीही आसराच सांगू?"

मास्तरांनी कापडी गुंडाळीतून शिसपेन्सिल काढली. छापील नकाशावरच्या त्या तांबड्या ठिपक्यांवर त्यांना आडवी, सरळ, ठसठशीत काट मारायची होती. भूगोलाच्या मास्तराची रेघ. ओल्या बोटांत पेन्सिल धरली, टोक कागदावर टेकवलं.

हाताचं कापणं थांबेना. टोक काठापासून निघालं, वेडंवाकडं हेलकावत निळ्यात जेमतेम छप्पन्न पावलांइतकं आत गेलं आणि तिथेच अडलं.

मास्तरांना लाज वाटली. ते अंगठ्यानं ती रेघ पुसायला गेले.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं. सोललेल्या तळव्याचं रक्त मास्तरांच्या हाताला लागलं.

"राहू दे, बेटा. या नदीची एवढीच मोजणी खरी झालीय."