पुढं जाणारी सुई

पिवळ्याधमक शेवंतीची एक बाग होती, आणि तिच्या कडेला सगूची इवलीशी झोपडी. तिथं सगू, तिची आई आणि वीस दिवसांचं बाळ राहायचं. झोपडीच्या कुडाला भोकंच भोकं, थंडीला आत यायला कुणाची परवानगी लागत नसे.

आई फुलं तोडायला जाताना सांगून गेली होती, आज डोंगरावरून कडाक्याचा गारठा उतरणार, दिवस बुडायच्या आत बाळाची गोधडी झालीच पाहिजे. सगू सोळा दिवस ती शिवत होती. रोज चार ओळी घालायची, त्यातली एक वाकडी वाटली की चारही उसवायची. उसवून उसवून लुगड्याचे तुकडे विरले, पण गोधडी पुढं सरकेना. आता ऊन कलायला लागलं होतं. टोपलीतलं बाळ शिंकलं आणि सगूनं घाईघाईनं सुईत दोरा ओवला.

इतक्यात बोरीच्या झुडपात काहीतरी लुकलुकलं. वीतभर उंचीची परी काट्यात अडकली होती. मोरपंखी झगा, चंदेरी केस आणि टर्रकन फाटलेला नाजूक पंख! ती भीतीनं थरथरत होती. सगूनं गोधडी बाजूला ठेवली, हलक्या हातानं तिला सोडवलं आणि भराभर पाच टाके घालून पंख जोडला. टाके तिरपे पडले होते.

"थांब, उसवून नीट घालते," सगू ओशाळून म्हणाली.

"नको गं," म्हणत परी भुर्रकन उडून गिरकी घेऊन आली. "हवं ते माग."

सगूनं मागितलं, माझा एकही टाका वाकडा पडू नये. तशी सुई परीकडे होती, पण तिचा नियम असा, की दिवसाला एकच टाका पडायचा. सगूनं मनाशी मोजलं. गोधडी होईपर्यंत बाळाला मिशा फुटल्या असत्या.

"मग सूर्याला थांबव," ती रडवेली होऊन म्हणाली.

"थांबवते. पण सुई पुढं जाईल तोवरच. एक टाका उसवलास, की तो बुडाला."

केशरी, गरगरीत सूर्य डोंगरावर टेकून राहिला. सगू शिवू लागली. सातव्या ओळीत टाका घसरला. सवयीनं बोटं मागं वळली, त्यांनी दोरा चिमटीत धरला, आणि सूर्य अर्धा खाली घसरला. गार वारा सुटला. बाळ कुडकुडून रडायला लागलं. तो टाका सगूच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपत होता. तिनं दोरा सोडून दिला. ओळी नागमोडी जात होत्या, तिला फार भीती वाटत होती, पण सुई पुढंच गेली.

शेवटचा कोपरा उरला. गोधडी उपाशी ठेवू नये, म्हणून त्यात भाकरीचा तुकडा घालून शिवतात. सगूनं आपल्या वाट्याच्या चतकोरातला तुकडा घातला, गाठ मारली, आणि सूर्य बुडाला.

परीनं गोधडीवरून हात फिरवला. सूर्याची ऊब दोऱ्यादोऱ्यात उतरली.

"तुझ्याच टाक्यांवर घरी चाललेय," ती म्हणाली. बाग क्षणभर सोन्यासारखी उजळली, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

आई परतली तेव्हा झोपडी उबदार होती, आणि पुढंही प्रत्येक थंडीत तशीच राहिली. बाळ गाढ झोपलं होतं, सातव्या ओळीतल्या त्या सैल टाक्यात चिमुकलं बोट अडकवून. आई ते सोडवायला वाकली.

"असू दे, आई," सगू म्हणाली.