राजा शूरकेतूचं माणिक

एका राज्यात खरं बोलायला बंदी नव्हती, बरं का. फक्त बोलणारा दगड होत असे. राजा शूरकेतूच्या मुकुटात पूर्वी एक पिढीजात माणिक होतं. त्यात एक बारीक रेघ होती. कुंभकेश नावाचा जादूगार आला आणि त्यानं बिनरेघेचं, लालबुंद माणिक पुढे केलं. राजा भुलला. जुनं माणिक त्यानं भिरकावून दिलं.

दरबारचा म्हातारा पारखी मल्हारशेट यानं ते उचलून मुठीत धरलं आणि म्हणाला, "महाराज, नवं माणिक खो..."

शब्द पुरा झालाच नाही. कुंभकेशाच्या शापानं उघड्या तोंडानिशी तो जागीच दगड झाला. त्या दिवसापासून राजा कुंभकेशाच्या मुठीत गेला आणि दरबाराची दातखीळ बसली.

सात वर्षं मल्हारशेटची लेक हंसाई रोज येऊन बापाच्या दगडी अंगावरची धूळ पुशी. एके सकाळी त्याच्या खांद्यावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "ज्याचा मुकुट, त्यानंच खोट्याला खोटं म्हणावं. त्याला शाप बाधत नाही. बाकीचेही सुटतील."

हंसाईनं पदर खोचला आणि ती थेट सिंहासनापुढे उभी राहिली.

"महाराज, माणकाची परीक्षा करायची आहे. तीनदा."

"कर," म्हणत राजानं मुकुटातलं माणिक काढून तिच्या हाती दिलं. कुंभकेश नुसता हसला.

पहिल्यांदा तिनं माणकावर श्वास सोडला. खऱ्या माणकावरची वाफ पापणी लवायच्या आत उडते. ही बसूनच राहिली. राजानं पाहिलं न पाहिलंसं केलं.

दुसऱ्यांदा तिनं माणिक उन्हात धरून राजाच्या डोळ्याला लावलं. "आत काय दिसतं, महाराज?"

"बुडबुडे. गोल गोल."

"धरणीच्या पोटात रत्न पिकतं, तिथं रेघ पडते. बुडबुडे भट्टीत येतात."

"मग सांग की स्पष्ट, खरं की खोटं," कुंभकेश म्हणाला. "जीभ झडली का?"

तिसऱ्यांदा हंसाईनं खांद्यावरचा रुमाल काढून राजाच्या हातावर पसरला. जवाहिऱ्यांची रीतच ती: रत्नाचं मोल तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. जादूगाराला मंत्र हजार येत होते, पण बाजारात तो कधी बसला नव्हता. हंसाईनं राजाची पाचही बोटं मिटवली. मिटली मूठ, म्हणजे मोल काही नाही.

राजाचा चेहरा उतरला. त्याला समजलं होतं.

"आता तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "ज्याचा मुकुट त्याला शाप बाधत नाही. साळुंकीनं सांगितलं."

"पाखराच्या शब्दावर जीव पणाला लावणार, महाराज?" कुंभकेशानं विचारलं.

राजानं मान खाली घातली. हंसाईला असा संताप आला की भीती कुठल्या कुठे गेली.

"सात वर्षं माझा बाप तुमच्यापायी दगड होऊन उभा आहे. तुम्हांला एक शब्द जड झाला? राहू द्या. त्याचा अर्धा राहिलेला मी पुरा करते. महाराज, हे माणिक खो..."

तिची पावलं दगड झाली. गुडघे झाले. कंबर झाली. तिनं नजर मात्र राजावरून काढली नाही.

"खोटं," राजा ओरडला. "माणिक खोटं, मी मूर्ख, आणि ही पोर खरी."

तडकन माणकाची काच झाली. कुंभकेशाची चिमूटभर राख झाली, आणि झाडूवालीनं ती केरात लोटली. हंसाईचे पाय मोकळे झाले. ती बापाकडे धावली.

मल्हारशेटची मूठ उघडली. रेघेचं माणिक आत तसंच होतं. राजानं स्वतः उठून ते घेतलं, कपाळाला लावलं आणि मुकुटात बसवलं.

मग म्हाताऱ्याचे ओठ हलले.

"...टं आहे, महाराज," तो म्हणाला. आणि समोर बघून चपापला. "हंसे, तू एवढी मोठी कधी झालीस गं?"