बाळराजांना रडवलं कोणी?

"बाळराजांना जो रडवील, त्याची रवानगी थेट तुरुंगात!"

सोनगिरीच्या रणधवल महाराजांनी हुकूम सोडला आणि राजवाड्यात सगळ्यांची पाचावर धारण बसली. कारण बाळराजे काही दिवसांपासून सारखे रडतच होते! लाळ गळत होती, गाल लालबुंद झाले होते, हाती लागेल ते तोंडात जात होतं.

नारोपंत वैद्यांनी ज्येष्ठमधाची काडी चोखायला दिली. बाळराजांनी ती भिरकावली आणि भोकाड पसरलं. वैद्य तुरुंगात! आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. धुराने बाळराजे आणखीच किंचाळले. महाराजांची सख्खी आत्या, जिभेने भारी तिखट, पण तीही तुरुंगात! शेवटी भागू दाई हिरड्या पाहायला गेली. तिचं बोट ओठाला लागायच्या आधीच बाळराजांनी टाहो फोडला. बिचारी भागूही आत!

भागूची मुलगी बयजा राजवाड्यात पाणी भरायची. आईला नेल्याचं कळताच घागर तिथेच टाकून ती तडक दरबारात शिरली.

"महाराज, माझ्या आईला सोडा! बाळराजांना छळणारा खरा गुन्हेगार अजून मोकळाच आहे."

"कोण तो?" महाराज गरजले. "सूर्य मावळायच्या आत त्याला माझ्या हाती दे. नाही दिलास, तर आईच्या शेजारची कोठडी तुझी!"

बयजा विचार करू लागली. बाळराजांच्या तोंडाला हात लावायची हिंमत आता राज्यात कुणाचीच नव्हती. कुणाचीच? तिची नजर महाराजांच्या बोटांवर गेली आणि तिचा चेहरा खुलला.

"देते, महाराज! पण त्याला आपल्यालाच पकडावं लागेल. तो लपलाय तिथे शिपायांचे भाले चालायचे नाहीत."

"माझी तलवार आणा रे!"

"तलवार नको. आधी हात स्वच्छ धुवा."

"गुन्हेगार पकडायला हात धुवायचे?"

"हो! अंगठ्याही काढून ठेवा. आणि हे बोट जरा गार पाण्यात बुडवा."

दरबारी मिशीतल्या मिशीत हसू लागले. महाराजांनी डोळे वटारले, पण बोट बुडवलं. तेवढ्यात राणीसाहेब रडणाऱ्या बाळराजांना घेऊन आल्या.

"आता ते गार बोट खालच्या हिरडीवरून हळूच फिरवा," बयजा म्हणाली.

महाराजांनी बोट फिरवलं. बाळराजांनी ते दोन्ही हातांनी गच्च धरलं, हिरड्यांनी करकचून चावलं आणि रडं एकदम थांबलं! बऱ्याच दिवसांनी राजवाड्यात कबुतरांचं घुमणं ऐकू आलं.

"अरेच्चा! इथे काहीतरी टोचतंय. तांदळाच्या कणीएवढं!"

"तोच तो, महाराज! हिरडी फोडून बाहेर येतोय. बाळराजांचा पहिला दात!"

"सापडला! बेड्या आणा!"

"तिळाएवढ्या घडवाव्या लागतील! शिवाय त्याला तुरुंगात धाडायचं, तर बाळराजांनाही सोबत जावं लागेल."

"मग याला शिक्षा काय?"

"जन्मभर भाकरी चावायची सक्तमजुरी!"

दरबार खो खो हसला. महाराज मात्र चिडले. "शब्दांचे खेळ पुरे! मी गुन्हेगार हाती द्यायला सांगितला होता!" असं म्हणत त्यांनी रागाने बोट खसकन बाहेर ओढलं.

बाळराजांनी असं भोकाड पसरलं, की कबुतरं भुर्रकन उडाली!

बयजाने हात जोडले. "महाराज, एक विचारू? आत्ता बाळराजांना रडवलं कोणी?"

कोतवाल खाली फरशीकडे बघू लागला. महाराज कधी बोटाकडे, कधी बयजाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"कोतवाल, तुरुंगात एखादी कोठडी रिकामी आहे का हो?"

"आहे, सरकार," कोतवाल चाचरत म्हणाला. "पण... आत्याबाईंच्या शेजारची."

"नको रे बाबा! हुकूम रद्द! सोडा सगळ्यांना!" महाराज इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बोट पुन्हा गार पाण्यात बुडवून बाळराजांच्या तोंडात दिलं. बाळराजे गप्प झाले.

बयजाला बक्षीस म्हणून महाराज मनगटातलं सोन्याचं कडं काढायला गेले. पण दुसरा हात कुठे मोकळा होता?

"बयजा," महाराज हसत म्हणाले, "कडं तूच काढून घे बाई! मी हात हलवला, तर पुन्हा गुन्हेगार ठरेन!"